दुधाचा दर बदलला की किती फायली उघडता? स्टोअर्ड प्रोसिजर आणि ती टूलमधून कॉल करायची पद्धत



या विषयाच्या व्हिडिओत क्लिक कुठे करायचं ते दाखवलंय. पण कारणं व्हिडिओत मावत नाहीत, म्हणून ती इथे लिहितोय. आष्टी, कडा, पाटोदा, शिरूर कासार या भागात दूध डेअऱ्यांना संगणकाची सेवा द्यायचा विचार ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी हे सावकाश वाचा. स्वतःची डेअरी किंवा संकलन केंद्र काढणाऱ्यांनीही वाचा. प्रोग्रामिंग तुम्ही करणार नसाल, पण करून घेताना काय विचारायचं ते तरी कळेल.

२०२४ हे एकच वर्ष घ्या. जानेवारीत शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केलं. अट अशी, की ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाला डेअरीने स्वतः किमान २७ रुपये द्यायचे. मुदत ११ जानेवारी ते १० फेब्रुवारी, पुढे ती १० मार्चपर्यंत वाढली. मग १ जुलैपासून डेअरीचे ३० आणि शासनाचे ५. त्यानंतर १ ऑक्टोबरपासून डेअरीचे २८ आणि शासनाचे ७. शेवटचा बदल नीट बघा. शेतकऱ्याच्या हातात येणारी बेरीज ३५ ची ३५ च राहिली, पण डेअरीच्या बिलातला आकडा दोन रुपयांनी खाली आला.

आता विचार करा, तुमच्या डेअरीची वीस संकलन केंद्रं आहेत आणि प्रत्येक केंद्रावर एक एक्सेल फाइल आहे. दराचं सूत्र त्या फाइलच्या एका कॉलममध्ये लिहिलेलं. दर बदलला की वीस ठिकाणी फोन. अठरा जणांनी बदल केला, एक जण लग्नाला गेलेला, एकाने केला पण १ तारखेच्या ऐवजी ३ तारखेपासून. दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो तेव्हा एका गावात एक दर आणि शेजारच्या गावात दुसरा!

यात पैसे किती अडकतात ते मोजू. समजा एका उत्पादकाचं दूध ३.३ फॅट, ८.४ एसएनएफ लागलं. समजा, तुमच्या डेअरीची कपात पॉइंटला ३० पैसे आहे. फॅटचे दोन पॉइंट कमी म्हणून ६० पैसे, एसएनएफचा एक म्हणून ३० पैसे. मूळ दर २८ असेल तर त्याचा दर २७.१० झाला. १२.४ लिटर दुधाचे ३३६.०४ रुपये. त्याच दुधाला चुकून जुना ३० चा दर लागला, तर ३६०.८४. फरक २४ रुपये ८० पैसे. दहा दिवसांत वीस वेळा दूध येतं, म्हणजे एका माणसामागे ४९६ रुपये. केंद्रावर असे शंभर उत्पादक असतील तर ४९,६०० रुपये. चूक डेअरीच्या विरुद्ध गेली तर ते परत मागायला कोण जाणार? आणि शेतकऱ्याच्या विरुद्ध गेली तर दुसऱ्या दिवशी दूध शेजारच्या डेअरीला.

प्रोसिजर म्हणजे काय

डेटाबेस म्हणजे नुसती कपाटं, असं आपण समजतो. टेबलं ठेवायची, लागेल तेव्हा काढायची. पण मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल या सगळ्यांत हिशोबाचा नियमही ठेवता येतो. तो नियम डेटाबेसमध्येच एका नावाने साठवून ठेवतात, त्याला म्हणतात स्टोअर्ड प्रोसिजर. मायएसक्यूएलमध्ये ही सोय २००५ साली आवृत्ती ५.० पासून आली, म्हणजे नवीन काही नाही.

उदाहरणार्थ आपण एक प्रोसिजर लिहिली आणि नाव दिलं ‘बिल_काढ’. तिला तीन गोष्टी सांगायच्या: केंद्र क्रमांक, पासून तारीख, पर्यंत तारीख. बाकी सगळं ती करते. त्या तारखांचं दूध शोधते, दर लावते, पशुखाद्य आणि ॲडव्हान्सची कपात वजा करते, बिलाच्या टेबलात नोंद टाकते. केंद्रावरचा मुलगा असो, ऑफिसातला हिशोबनीस असो की रात्री आपोआप चालणारं टूल असो, सगळे त्या एकाच ‘बिल_काढ’ला हाक मारतात. या हाक मारण्यालाच ‘कॉल करणं’ म्हणतात.

एक सूचना इथेच. दर हा प्रोसिजरच्या आत लिहायचा नसतो. आत फक्त रीत लिहायची. दराचं वेगळं टेबल करायचं आणि त्यात ‘लागू दिनांक’ हा कॉलम हवाच. १ जुलैची ओळ ३० ची, १ ऑक्टोबरची ओळ २८ ची. जुनी ओळ पुसायची नाही. प्रोसिजर ज्या दिवशी चालली त्या दिवसाचा दर घेत नाही, दूध ज्या दिवशी आलं त्या दिवसाचा दर घेते. मग कोणी डिसेंबरमध्ये येऊन सप्टेंबरच्या बिलाची तक्रार केली, तरी तेच बिल पैशापैशाला जुळून परत निघतं.

आणि पैशाचा कॉलम ‘डेसिमल’ ठेवा, ‘फ्लोट’ नको. फ्लोटमध्ये पैसे अंदाजे साठतात. पूर्णांकात रुपये कधी करायचे तेही एकदाच ठरवा. वरच्या उदाहरणात प्रत्येक वेळचे ३३६.०४ लगेच ३३६ केले तर दहा दिवसांचे ६,७२० होतात. शेवटी एकदाच केले तर ६,७२०.८० म्हणजे ६,७२१. एक रुपयाचाच फरक, पण गावात एका रुपयावरून हिशोबावरचा विश्वास जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग टूल कशाला लागतं

डेटा काही आपण होऊन डेटाबेसमध्ये येत नाही. केंद्रावर मिल्क ॲनालायझर आहे, वजनकाटा आहे, त्यातून फाइल निघते. एका केंद्राची सीएसव्ही, दुसऱ्याची एक्सेल, तिसऱ्याचा कॉलमचा क्रमच वेगळा. हे गोळा करून, साफ करून, एका टेबलात नेऊन टाकणारं सॉफ्टवेअर म्हणजे डेटा इंटिग्रेशन टूल. पेंटाहो हे त्यातलं जुनं नाव. त्याच्याच कोडमधून पुढे अपाची हॉप निघालं, ते मोफत आहे आणि नवशिक्यांना मी तेच सुचवतो. टॅलेंडची मोफत आवृत्ती ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून त्याच्या मागे लागू नका.

साफसफाईत आपल्याकडे नेहमी सापडणाऱ्या दोन भानगडी सांगतो. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर १२ आकडी असतो, आधारही १२ आकडी. एक्सेलच्या साध्या कॉलममध्ये हा नंबर टाकला की तो १.२३ई+११ असा दिसायला लागतो, आणि ती फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की तसाच जातो. बँक खात्याचा नंबर १५ आकड्यांपेक्षा मोठा असेल तर एक्सेल पुढच्या आकड्यांची शून्यं करून टाकतं. २०२४ चं अनुदान थेट खात्यावर जमा व्हायचं आणि त्यासाठी बिल्ला व आधार जोडलेलं खातं लागायचं. त्यामुळे इथे एक आकडा हुकला की त्या शेतकऱ्याचं अनुदान अडकायचंच. म्हणून हे सगळे नंबर पहिल्यापासून ‘मजकूर’ म्हणूनच वाचायचे, संख्या म्हणून नाही. उत्पादकाचा कोडसुद्धा. ००७ चा ७ झाला की तो टेबलात सापडत नाही.

आता कामाची वाटणी लक्षात घ्या. आणणं आणि साफ करणं टूलचं काम. दर लावणं आणि बिल काढणं प्रोसिजरचं. टूलमध्येही सूत्र लिहायची सोय असते, आणि मोह होतो. पण तिथे सूत्र लिहिलं की नियम दोन जागी झाला. वीस एक्सेलच्या जागी दोन जागा आल्या, पण दुखणं तेच.

कॉल करायच्या दोन वाटा

हॉपमध्ये ‘कॉल डीबी प्रोसिजर’ नावाचा एक तुकडा असतो. पेंटाहोतही तो याच नावाने सापडेल. त्यात कनेक्शन निवडायचं, प्रोसिजरचं नाव लिहायचं आणि खाली पॅरामीटर भरायचे. प्रत्येक पॅरामीटरला दिशा असते. ‘इन’ म्हणजे आपण देतो, ‘आउट’ म्हणजे प्रोसिजर परत देते, ‘इनआउट’ म्हणजे दोन्ही. पॅरामीटरचा क्रम आणि प्रकार प्रोसिजरमध्ये आहे तसाच हवा.

पण हा तुकडा येणाऱ्या प्रत्येक ओळीमागे एकदा कॉल करतो. हे न समजल्यामुळे माणसं फसतात. वीस केंद्रं, प्रत्येकी दीडशे उत्पादक, दोन वेळचं दूध, दहा दिवस, म्हणजे ६०,००० ओळी झाल्या. एका कॉलला ५ मिलिसेकंद धरले तर ऑफिसातल्या सर्व्हरवर ५ मिनिटं. तोच सर्व्हर क्लाउडवर असेल आणि आपल्या इंटरनेटवरून एका फेरीला ५० मिलिसेकंद लागत असतील तर ५० मिनिटं. आणि मधेच लाईट गेली तर? शिवाय हा तुकडा फक्त आउट पॅरामीटरमधून उत्तर आणतो. प्रोसिजरने अख्खी यादी परत दिली तर ती त्याला उचलता येत नाही. तो वापरायचा तो थोड्या ओळींसाठी. उदाहरणार्थ नवीन उत्पादकांची पन्नास नावं आली, प्रत्येकाला कोड द्यायचा आणि तो कोड परत घ्यायचा.

दहा दिवसांच्या बिलाला दुसरी वाट. आधी सगळं दूध टेबलात जाऊ द्यायचं आणि मग प्रोसिजर एकदाच कॉल करायची. साठ हजार ओळींवरचं काम डेटाबेस आपल्या घरातच करतो, इकडून तिकडे ये-जा नाही.

इथे एक सापळा आहे, तो व्हिडिओत मी घाईत सांगितला, इथे नीट सांगतो. हॉपच्या पाइपलाइनमध्ये तुकडे एकापुढे एक काढलेले दिसतात, त्यामुळे वाटतं की ते एकामागून एक चालतात. तसं नाही. सगळे एकाच वेळी सुरू होतात. पहिला फाइल वाचत असतो, दुसरा साफ करत असतो, तिसरा टेबलात टाकत असतो, सगळं एकदम. त्यात ‘टेबल आउटपुट’ प्रत्येक ओळ लगेच पक्की करत नाही, ठरावीक ओळी साठल्या की कमिट करतो, आणि न बदलल्यास तो आकडा १००० असतो. वरून प्रत्येक तुकड्याचं डेटाबेसशी कनेक्शन वेगळं. म्हणजे त्याच पाइपलाइनच्या शेवटी तुम्ही ‘बिल_काढ’ लावली, तर ती चालेल तेव्हा बरंचसं दूध अजून कमिटच झालेलं नसेल. तिला दिसेल तेवढ्याचं बिल ती काढेल. लाल खूण नाही, चूक नाही, बिल मात्र अपुरं. अशी चूक सापडायला सगळ्यात अवघड.

उपाय सोपा आहे. पाइपलाइनला फक्त दूध भरण्याचं काम द्या. तिच्या वर एक वर्कफ्लो बनवा, पेंटाहोत त्याला जॉब म्हणतात. वर्कफ्लोमधली कामं मात्र एकामागून एकच चालतात. पहिलं काम पाइपलाइन. ती यशस्वी झाली तरच हिरव्या बाणाने पुढे जायचं, आणि तिथे ‘एसक्यूएल’ नावाच्या कामात ‘बिल_काढ’चा एक कॉल. पाइपलाइन फसली तर बिल निघणारच नाही, आणि तेच बरोबर आहे.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी एक जास्तीची ओळ. त्यात खरी प्रोसिजर २०१८ मध्ये आवृत्ती ११ पासून आली, त्याआधी फंक्शनवर भागवायचे. जावाच्या ड्रायव्हरची मूळ सेटिंग अजून त्या जुन्या सवयीची आहे, म्हणून ‘कॉल डीबी प्रोसिजर’ तुकड्यातून खरी प्रोसिजर बोलावली तर ‘ही प्रोसिजर आहे, कॉल वापरा’ अशा अर्थाची चूक येते. घाबरू नका, एसक्यूएलच्या कामातून कॉल केली की चालते.

दोनदा चाललं तर

रात्री बिलं काढायला लावली, नेट गेलं, सकाळी कोणाला कळेना झालं की नाही. मग कोणीतरी परत बटण दाबतो. हे होणारच, असं धरूनच प्रोसिजर लिहायची. नाहीतर दूध दुप्पट किंवा कपात दुप्पट.

दुधाच्या टेबलावर उत्पादक कोड, तारीख आणि वेळ म्हणजे सकाळ की संध्याकाळ, या तिघांची मिळून एक युनिक की करा. तीच फाइल परत भरली तर डेटाबेसच अडवेल. एखादा उत्पादक एका वेळी गायीचं आणि म्हशीचं असं दोन्ही घालत असेल तर दुधाचा प्रकारही त्यात घ्या. बिलाच्या टेबलावर उत्पादक कोड आणि बिलाची सुरुवातीची तारीख यांची अशीच की. त्यात ‘पगार दिला’ अशी खूण ठेवा. प्रोसिजरने आधी ती खूण बघायची: पगार दिलेला असेल तर हात लावायचा नाही, दिलेला नसेल तर जुनं बिल काढून टाकून नवं करायचं.

हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये हवं. म्हणजे एकतर पूर्ण केंद्राचं बिल झालं किंवा काहीच झालं नाही. अर्ध्यात लाईट गेली तर डेटाबेस चालू होताना अर्धं काम स्वतःच मागे घेतो. मात्र मायएसक्यूएलमध्ये टेबल इनोडीबी प्रकारचं असेल तरच. आवृत्ती ५.५ पासून नवं टेबल आपोआप त्याच प्रकारचं होतं, पण कोणाकडून जुनी सिस्टिम घेतली असेल तर एकदा बघा, कारण मायआयसॅम प्रकारात मागे घेण्याची सोयच नाही.

चूक झाली की प्रोसिजरने ओरडलं पाहिजे. काही जण आत चूक पकडतात, रोलबॅक करतात आणि गप्प बसतात. टूलला वाटतं सगळं ठीक, हिरवी खूण येते. रोलबॅकनंतर ‘सिग्नल’ किंवा ‘रीसिग्नल’ने चूक बाहेर फेका, मग वर्कफ्लो लाल होतो आणि तुम्हाला मेसेज पाठवता येतो.

कोणाला काय करता यावं

हा मुद्दा डेअरीच्या मालकांना फार आवडतो, म्हणून सेवा विकताना आधी हाच सांगा. टूल ज्या युजरने डेटाबेसला जोडलं जातं, त्याला बिलाच्या टेबलात थेट लिहायचा हक्क द्यायची गरज नाही. त्याला फक्त प्रोसिजर चालवायचा हक्क द्या. मायएसक्यूएलमध्ये प्रोसिजर ज्याने बनवली त्याच्या हक्कांवर चालते, ही तिथली मूळ रीत आहे. म्हणजे ऑपरेटर बिल काढू शकतो, पण एखाद्याच्या बिलात गुपचूप पाचशे रुपये वाढवू शकत नाही. पोस्टग्रेसमध्ये उलटं आहे, तिथे चालवणाऱ्याचे हक्क लागतात. तिथे ‘सिक्युरिटी डिफायनर’ असं स्वतः लिहावं लागतं.

हीच मांडणी दुधाबाहेरही चालते. गेवराई-माजलगावकडे कापसाच्या जिनिंगचा काटापट्टी हिशोब, शेतकरी उत्पादक कंपनीची खरेदी, मुकादमाकडची टोळीची उचल आणि फेड. सगळीकडे आकडे बाहेरून येतात, आणि नियम एका जागी हवा असतो. पण सुरुवात एकाच धंद्यापासून करा. दुधात दर दहा दिवसांनी परीक्षा होते, त्यामुळे शिकणं लवकर होतं.

काम देताना डेअरीला पहिला पगार जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी काढून दाखवा. फरक आलेली प्रत्येक ओळ हिशोबनीसासोबत बसून तपासा. पुष्कळदा जुन्या पद्धतीतला न लिहिलेला एखादा नियम तेव्हा बाहेर येतो: अमक्या गावाला वाहतुकीचे दहा पैसे कमी, तमक्याला कपात नाही. ते नियम टेबलात घ्या, प्रोसिजरमध्ये गावांची नावं लिहू नका. या तपासणीचे पैसे वेगळे लावा, कारण खरे दिवस त्यातच जातात.

बॅकअपचं एक राहिलं. मायएसक्यूएलचा नेहमीचा डंप काढला की त्यात टेबलं येतात, प्रोसिजर येत नाहीत. ‘रूटीन्स’ हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. तो दिलेला नसेल आणि सर्व्हर जळाला, तर नव्या मशीनवर सगळं दूध परत येईल, पण ‘बिल_काढ’ कुठेच नसेल. म्हणून डंप काढल्यावर तो दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर चढवा, मागच्या दहा दिवसांसाठी प्रोसिजर एकदा कॉल करा आणि बेरीज छापलेल्या बिलाशी जुळते का बघा.